चार जागांचा बोर्ड

"हा नको. याला रॅमच्या दोनच जागा आहेत," ती म्हणाली.

मी काउंटरवर ठेवलेल्या मदरबोर्डकडे तिनं एकदाच पाहिलं होतं. हातसुद्धा लावला नव्हता. माझ्या दुकानात येणारं माणूस आधी मॉनिटर केवढा ते विचारायचं, मग स्पीकर बरोबर मिळतात का ते. मदरबोर्डचं नाव कुणी काढत नसे. प्रोसेसर, रॅम, कार्ड, सगळं ज्याच्यावर बसतं तो बोर्ड कुठला घालायचा हे मीच ठरवायचो, आणि एकदा कॅबिनेट बंद झालं की तो कुणाच्या नजरेस पडायचा नाही.

"दोन जागा पुष्कळ झाल्या," मी म्हणालो. "सगळ्यांना हाच देतो."

"सगळ्यांना देत असाल हो दादा. पण मला चार पाहिजेत."

ही २००९ सालच्या जानेवारीतली गोष्ट. साताऱ्यात राधिका रोडला माझं असेंबल्ड कॉम्प्युटरचं दुकान होतं. मी एकतीस वर्षांचा होतो. ती एकवीसची, नाव ऊर्मिला. तिचे वडील हणमंतराव पिसाळ एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. मी दर आठवड्याला पुण्याहून माल आणायचो, तेव्हा माझी खोकी एसटीच्या डिकीतून नीट उतरवून देण्याचं काम ते आपणहून करायचे. त्या ओळखीनं लेकीला घेऊन आले होते.

दुकानाला तीन पायऱ्या होत्या. त्या चढून आल्यावर ऊर्मिला स्टुलावर बसली आणि बराच वेळ बोलली नाही. ओठ निळसर पडले होते. मी पाणी पुढे केलं, तर तिनं हातानंच 'थांबा' म्हटलं आणि हसली. मग दम खाली बसल्यावर पिशवीतून वही काढली. वहीत मासिकांतली कात्रणं चिकटवलेली होती, बोर्डांचे फोटो होते, आणि प्रत्येकाखाली बारीक अक्षरात त्याचे गुणदोष लिहिलेले. पंधरा दिवस नेट कॅफेत जाऊन तिनं हे जमवलं होतं.

"हा," तिनं एका फोटोवर बोट ठेवलं. "आत्ता दोन जीबी रॅम घालू. पुढच्या वर्षी अजून दोन. ऑपरेशन झालं की मी पुण्याला थ्रीडीचा कोर्स करणार, तेव्हा चारही जागा भरायच्या. प्रोसेसर पण तेव्हा बदलायचा. याच्यावर चार कोरचा बसतो."

"कसलं ऑपरेशन?"

"हृदयाला भोक आहे जन्मापासून. वजन वाढलं की करणार आहेत. वाढतच नाही मेलं. आई तर तूप पाजते मला."

"आणि थ्रीडी कशाला?"

"घरं करायला. म्हणजे बांधायच्या आधीच माणसाला त्याचं घर आतून फिरून दाखवायचं. खिडकीतून ऊन कुठं पडेल ते पण दिसतं. आमच्या गल्लीतले इंजिनिअर म्हणालेत, शिकलीस तर काम देतो."

मी तिच्यासमोरच पुण्याच्या डीलरला फोन लावला. तो बोर्ड संपला होता. नवा माल यायला महिना, कदाचित पाच आठवडे.

"थांबीन की," ऊर्मिला म्हणाली. "मला कुठं घाई आहे? पाच वर्षं वापरायचाय. काय आण्णा?"

हणमंतराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. "हो, हो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ते एकटेच आले. अंगावर खाकी गणवेश तसाच होता. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बाहेर पायरीवर उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले, "पोतनीस, काल दाखवला तो दोन जागांचाच बोर्ड घाला."

"पण तिला तो नको होता."

"तिला सांगू नका. तिनं सांगितला तोच आला म्हणा."

मी हसलो. मला वाटलं, खर्चाचा विचार असेल. म्हणालो, "काका, फरक फार नाही. आणि पोरीनं एवढा अभ्यास केलाय..."

"पैशाचं नाही हो."

त्यांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली. "पुण्याच्या डॉक्टरांनी दिवाळीत मला एकट्याला आत बोलावलं होतं. भोक बुजवायची वेळ निघून गेलीय म्हणाले. फुप्फुसांतला दाब वाढलाय, आता ऑपरेशन होत नाही. किती दिवस म्हणून विचारलं. म्हणाले, वर्ष धरा. थोडं इकडं तिकडं."

मी स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

"घरात कुणाला माहीत नाही. हिच्या आईलाही नाही. ती तुपाची बरणी घेऊन तिच्यामागं फिरते, तिला काय सांगू? आणि ऊर्मी म्हणते महिनाभर थांबीन." त्यांनी टोपी उचलून परत ठेवली. "तिच्याजवळचा महिना त्या बोर्डाची वाट बघण्यात घालवू नका. तुम्ही उद्या मशीन द्या. तिला बसू द्या त्याच्यासमोर."

मी नाही म्हणू शकलो असतो. बोर्ड मिळत नाही, दुसरा घे, असं तिला सांगू शकलो असतो. पण ती थांबलीच असती, हेही मला माहीत होतं. त्या क्षणी हणमंतरावांचं बरोबरच वाटलं. मी म्हणालो, "परवा आणून देतो."

ते मशीन मी फार मन लावून जोडलं. वायरी बांधून नीट कडेला घेतल्या. पॉवर सप्लाय चांगला घातला. आणि मधोमध तो दोन जागांचा बोर्ड बसवून कॅबिनेटच्या स्क्रूवर वॉरंटीचं स्टिकर चिकटवलं.

पिसाळांचं घर साताऱ्यातल्याच करंजे भागात होतं, दोन खोल्या आणि पुढं पडवी. ऊर्मिलाची आई सिंधूताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी कॅबिनेटला हळदीकुंकू लावलं, मग मला शिऱ्याची बशी दिली. ऊर्मिला खिडकीजवळ खुर्चीत बसून माझ्या हाताकडे बघत होती.

"एवढ्या लवकर कसा मिळाला?"

"एका दुकानदाराकडे एक पडून होता."

"खोकं कुठाय?"

"ते गोडाऊनलाच राहिलं."

"आणि पुस्तक?"

याची मी तयारी करून गेलो होतो. तिनं मागितलेल्या बोर्डाचं मॅन्युअल मी इंटरनेटवरून उतरवून घेतलं होतं, छापून, स्पायरल बाइंडिंग करून. ते तिच्या हातात दिलं. तिनं पहिलं पान उघडून त्यावरून तळवा फिरवला.

"कॅबिनेट उघडू नकोस हं," मी म्हणालो. "स्टिकर फाटलं की वॉरंटी जाते. काही लागलं तर मला बोलव."

"तुम्हालाच बोलवणार. दुसरं कोण आहे?"

सिंधूताई म्हणाल्या, "भाऊ, आता हिला बसल्या जागी काम झालं. ऑपरेशन झालं की मग काय, घोडं मैदानात सुटेल आमचं."

हणमंतराव पडवीत चपला घालत होते. तसेच बाहेर निघून गेले.

पुढच्या महिन्याभरात मी दोनदा तिकडे गेलो, एकदा प्रिंटर जोडायला आणि एकदा सॉफ्टवेअर टाकायला. ती झपाट्यानं शिकत होती. दुसऱ्या खेपेला तिनं मला एक घर दाखवलं. गोडोलीतल्या कुणाचं तरी, अजून पायाही खणला नव्हता. पडद्यावर आम्ही दारातून आत गेलो, स्वयंपाकघर पाहिलं, जिना चढून गच्चीवर आलो. "बघा, मी एका दमात वर गेले," ती म्हणाली. टेबलावर ते मॅन्युअल होतं. त्यात तिनं पेन्सिलनं खुणा केल्या होत्या. मी तिकडे बघायचं टाळलं.

मार्चमध्ये तिचा फोन आला. "दादा, इंजिनिअरनी काम दिलं. आता घर मोठं झालं की मशीन रखडतं. अजून दोन जीबी रॅम आणता?"

दोन जागांपैकी एक मोकळी होती. मी रॅम आणून बसवू शकलो असतो. पण ती शेजारी बसून बघणार, कॅबिनेट उघडं असणार. मी म्हणालो, स्टॉक नाही. आठवड्यानं तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं रॅमचं नावच काढलं नाही. नुसतं म्हणाली, "जरा येऊन जाता का?"

दुपारी तीनची वेळ होती. सिंधूताई भिशीला गेल्या होत्या. दार उघडंच होतं. आत गेलो तर कॅबिनेट टेबलावर आडवं, बाजूचा पत्रा काढलेला, आणि चार स्क्रू एका वाटीत. ऊर्मिला खुर्चीत बसली होती. मांडीवर मॅन्युअल होतं.

"पुस्तकात चार आहेत," ती म्हणाली. "इथं दोन."

"अगं, तो बोर्ड मिळालाच नाही. म्हणून मग..."

"मग मला सांगायचं. मी थांबले असते."

मी उभाच होतो. ती मला बसा म्हणाली नाही.

"चूक झाली," मी म्हणालो. "बदलून देतो. आता माल आला असेल."

"दादा, तुम्ही मला खोटं पुस्तक छापून आणून दिलंत. असं कुणी चुकून करतं का?" ती रागावलेली नव्हती. गणित सोडवताना मूल बोलतं तसं एकेक पायरी मांडत होती. "तुम्ही फसवणारे नाही. आण्णा तर नाहीच नाही. पण त्या दिवशी मी थांबते म्हणाले, तेव्हा आण्णा कॅलेंडर बघत होते. आणि तीन दिवसांत मशीन आलं. मी दोन रात्री विचार करतेय. मला घाई नव्हती. तुम्हाला नव्हती. मग घाई कुणाला होती?"

मी वाटीतल्या स्क्रूंकडे बघत राहिलो.

"किती?" तिनं विचारलं.

"काय किती?"

"डॉक्टर किती म्हणालेत?"

मी 'आण्णांना विचार' म्हणू शकलो असतो. मला माहीत नाही म्हणू शकलो असतो. पण तिच्यासमोर पुन्हा एकदा खोटं बोलायची ताकद माझ्यात नव्हती. मी म्हणालो, "वर्ष."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

तिनं बोटांवर मोजलं. खरंच मोजलं, अंगठा एकेका पेरावर ठेवत. मग हात मांडीवर ठेवून ती खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर शेजारच्यांच्या पोरी लंगडी खेळत होत्या.

"ऑपरेशनवर किती ढकललं होतं मी, माहितीये?" ती म्हणाली. "गुहागरला मावशी राहते. दर मेमध्ये बोलावते. मी म्हणायचे, ऑपरेशन झालं की येते, मग पाण्यात तरी उतरता येईल. नसीम माझी मैत्रीण, तिच्या लग्नाला मिरजेला नाही गेले. म्हटलं, तुझ्या बाळाच्या बारशाला येईन, बरी होऊन. सगळं तिकडंच ढकललं. सांगितलं असतंत ना, तर दम लागत लागत का होईना, गेले असते."

"काकांना वाटलं, तुला त्रास..."

"आण्णांना काय वाटलं ते कळलं मला." ती थांबली. "आईला माहीत आहे?"

"नाही."

"मग नका सांगू. आण्णांना पण सांगू नका, मला कळलंय म्हणून. ते घरी आले की पडवीत पाच मिनिटं थांबतात आणि मग हसत आत येतात. आता कळलं का ते. मला कळलंय म्हटल्यावर त्यांना हसत आत येता नाही यायचं."

मी कबूल केलं.

"बोर्ड बदलून आणू?" मी विचारलं. दुसरं काही माझ्यापाशी नव्हतं.

"कशाला? हाच बरोबर आहे," ती म्हणाली. "पत्रा लावून द्या. आई येईल आता."

मी मोकळ्या जागेत रॅम बसवली. ती माझ्या खिशातच होती. पत्रा लावला, स्क्रू घट्ट केले. फाटलेलं स्टिकर तिनं नखानं खरवडून काढलं. दारापर्यंत गेलो तेव्हा ती मागून म्हणाली, "दादा, अधूनमधून येत जा. काम नसलं तरी."

मी "येतो की" म्हणालो.

गेलो नाही.

हे लिहायला सोपं नाही. मे महिन्यात ती मावशीकडे गुहागरला गेली, हे मला हणमंतरावांकडून स्टँडवर कळलं. "अचानक हट्टच धरला, आणि खुशीत आली हो," ते म्हणाले. मी ऐकून घेतलं. जूनमध्ये तिचा फोन आला, प्रिंटर कागद ओढत नाही म्हणून. मी ओळखीच्या एका मेकॅनिकला पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, प्रिंटर तर चालू होता. जुलैमध्ये पुन्हा फोन आला. त्या वेळी ती घरात ऑक्सिजन लावून असायची. बोलताना मध्येच थांबायची.

"काम काही नाही, दादा. नुसते येऊन बसा थोडा वेळ. सगळ्यांशी हसून हसून गाल दुखतात माझे. तुमच्यासमोर हसावं लागत नाही."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हणालो, "आज जरा गर्दी आहे गं. उद्या येतो."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी करंज्याच्या वळणापर्यंत गेलो. गाडी उभी केली. मग तिच्यासमोर बसून काय बोलायचं, याचा विचार करत राहिलो. ती पुन्हा काही विचारेल, आणि मला उत्तर देता येणार नाही, याची भीती वाटली. गाडी वळवून दुकानात आलो. त्यानंतर तिनं फोन केला नाही. मी मनाला सांगत राहिलो, या आठवड्यात नाही तर पुढच्या आठवड्यात. ऑक्टोबर उजाडला. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी हणमंतरावांच्या डेपोतला एक कंडक्टर दुकानात येऊन सांगून गेला. सकाळी दहाच्या सुमारास गेली होती, खिडकीजवळच्या खुर्चीत.

मी माहुलीच्या स्मशानात गेलो. मागे उभा राहिलो. हणमंतरावांना भेटून आलो. सिंधूताईंसमोर जायचं धाडस झालं नाही.

महिन्यानं त्या स्वतःच दुकानात आल्या. तीन पायऱ्या चढून त्याच स्टुलावर बसल्या. काउंटरवर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊ, एक विचारायला आलेय. खरं सांगा."

"विचारा, काकू."

"यांनी मला आत्ता सांगितलं. दिवाळीपासून माहीत होतं म्हणाले. तुम्हालाही माहीत होतं म्हणाले."

मी मान खाली घातली.

"त्याचं नाही काही. मला एवढंच सांगा, तिला माहीत होतं का?"

ऊर्मिलानं मला गप्प राहायला सांगितलं होतं. पण ते वचन ती होती तोवरचं की नंतरचंही, हे मला ठरवता येईना. नाही म्हटलं असतं तर बाईला कदाचित सोपं गेलं असतं. मी म्हणालो, "होतं. मार्चपासून. माझ्याकडूनच कळलं."

सिंधूताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, सोडत राहिल्या.

"मार्चपासून," त्या म्हणाल्या. "मी तिला रोज सांगायचे, खा, वजन वाढव. ती खायची. नको असलं तरी खायची. म्हणजे माझ्यासाठी खात होती." मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सात महिने. एवढं मनात घेऊन पोर सात महिने एकटी बसली होती?"

मी काउंटरवरच्या वायरी गोळा करायला लागलो.

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. "नाही," त्या म्हणाल्या, "एकटी कशी? तुम्हाला माहीत होतं की. प्रिंटर बिघडला, अमुक बिघडलं म्हणून तुम्हाला फोन करायची. मी भिशीला, बाजारात जायचे, तेव्हा येत असाल तुम्ही. तुमच्याशी बोलत असेल ना ती?"

बाहेर एक ट्रक मागे येत होता. त्याचा आवाज थांबेपर्यंत मला वेळ मिळाला.

"हो," मी म्हणालो. "बोलायची."

"रडायची का?"

"कधी कधी."

सिंधूताईंनी डोळे पुसले आणि दोन्ही हात जोडून काउंटरला कपाळ टेकवलं. मी त्यांना उठवायला पुढे झालो, पण हात लावायचा धीर झाला नाही.

याला आता सोळा वर्षं झाली. दुकान मी केव्हाच बंद केलं. हणमंतराव निवृत्त झाले, नंतर गेलेही. सिंधूताई मला अजून मंडईत भेटतात. बरोबर एखादी शेजारीण असली, की तिला थांबवून माझी ओळख करून देतात. "आमच्या ऊर्मीला शेवटी यांचाच आधार होता," म्हणतात. शेजारीण माझ्याकडे आदरानं बघते. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतो, आणि तब्येत कशी आहे म्हणून त्यांना विचारतो.